दोन नंबरचं विमान

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर इथूनच पुढे सरका, खाली येऊन मला शहाणपण शिकवू नका. माझं डोकं मुळात तापट आहे, आणि या गोष्टीत जे झालं ते त्या तापट डोक्यामुळेच झालं.

सगळे अमावस्येच्या रात्रीचं सांगतात. माझं भर दुपारचं आहे.

१९ मे १९९८, मंगळवार. वेळ दुपारी सव्वा वाजताची. ठिकाण दीपनगर, भुसावळजवळची वीज केंद्राची कॉलनी. आमचं क्वार्टर.

खानदेशातला मे महिना ज्याने काढलाय त्याला वेगळं सांगायला नको. सेहेचाळीस डिग्री. एक ते चार रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. कुणाला निघावंच लागलं तर खिशात कांदा ठेवून निघतो, ऊन बाधू नये म्हणून.

माझे वडील केंद्रात ऑपरेटर होते. जिल्हाभर लाईट जायची, आमच्या कॉलनीत सहसा नाही. त्यामुळे माझा कॉम्प्युटर दिवसभर चालायचा, आणि त्यावर एकच गेम. लढाऊ विमानाचा.

नुसता ठो ठो करायचा गेम नव्हता तो. इंजिन सुरू करायलाच सात-आठ बटणं. चाकं वेगळी, रडार वेगळं, जाडजूड पुस्तकाच्या झेरॉक्स. एकट्याला नीट झेपायचं नाही. म्हणून मी जॉयस्टिक धरायचो आणि माझा मित्र धनसिंग शेजारी बसून कीबोर्ड सांभाळायचा. मी ओरडायचो, "चाकं!" तो बटण दाबायचा. धना वरणगावचा. सायकलवर वीस-पंचवीस मिनिटं. वडील नाहीत, घरी फक्त आई, भागाबाई.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण सगळं तिच्यावरच आहे.

गेममध्ये आपल्या मागे सोबतीचं एक विमान असायचं. दोन नंबरचं. त्याच्या पायलटला नाव देता यायचं, आम्ही धनाचं दिलं होतं. त्याला हुकूम दिला की तो रेडिओवर एकच शब्द बोलायचा.

"टू."

म्हणजे दोन नंबर हजर. पण त्या गोऱ्याचा उच्चार असा की आमच्या कानाला "तू"च ऐकू यायचं. धनाने त्याचा खेळ केला होता. विमान आपटलं की तो स्पीकरला विचारायचा, "का रे, कोणी पाडलं?" आणि बटण दाबायचा.

"तू."

मग माझ्याकडे बघून पोट धरून हसायचा.

त्या वर्षी आम्ही दोघांनी हवाई दलाच्या भरतीला नाव दिलं होतं. मला चष्म्यावरून काढलं. धना पास झाला.

तर त्या मंगळवारी तो आला. डोक्याला रुमाल, चेहरा लालबुंद, वरच्या खिशात कांदा.

"पित्या, पाणी दे रे आधी."

मी विमान उतरवत होतो. "थांब. उतरू दे."

तो थांबला. खिशातून एक पत्र काढून त्याने टेबलावर ठेवलं. हजर होण्याचं पत्र होतं.

मी वाचलं. जळलो मी, खोटं कशाला बोलू? ज्याने कधी जॉयस्टिकला हात लावला नाही तो खरी विमानं बघणार, आणि मी इथे काचेत बघत बसणार!

धना हसला. "आता तू दोन नंबर, पित्या."

चेष्टाच होती ती. पण माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याची कॉलर धरली आणि ढकलत ढकलत दाराबाहेर काढला.

"चालता हो! परत इथे दिसलास तर तंगडं मोडीन!"

कडी लावली.

त्याने दार वाजवलं. दोनदा.

"पित्या... पत्र राहिलं आत. आणि पाणी दे ना रे, घसा सुकलाय."

मी स्पीकरचा आवाज वाढवला.

पुन्हा दोनदा वाजलं...

मी अजून वाढवला. गेममध्ये मागे वळलो आणि धनाच्या नावाचं विमान पाडलं. पायलटांच्या यादीत त्याच्या नावावर लाल काट आली, तेव्हा कुठे मला बरं वाटलं.

आई बाजारहाटाला भुसावळला गेली होती, वडील ड्युटीवर. ते दार फक्त मला ऐकू येत होतं.

चार वाजता हायवेच्या कडेला, कडुनिंबाखाली धना सापडला. सायकल आडवी. खिशात कांदा होता. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं.

मी कुणाला काही बोललो नाही. धना माझ्याकडे येऊन गेला एवढं सगळ्यांना माहीत होतं. दाराचं कुणालाच नाही.

पंधरा दिवस मी कॉम्प्युटरला हात लावला नाही. सोळाव्या दिवशी दुपारी लावला. करमत नव्हतं हो, दुसरं काय!

यादी उघडली.

धनाच्या नावावर काट नव्हती...

गेममध्ये मेलेला पायलट परत येत नाही. आमच्या गेममध्ये तरी कधी आला नव्हता. मी मनाची समजूत घातली, की त्या दिवशी सेव्ह झालं नसेल. उडालो. कीबोर्डही आता मीच सांभाळत होतो, पण हुकमाचं बटण दाबलं नव्हतं.

"टू."

कोरडा आवाज. घसा सुकलेल्या माणसाचा.

 मग नजर शेजारच्या पाण्याच्या गिलासावर गेली. काठोकाठ भरून आणला होता.

रिकामा होता. खाली थेंब नाही, ओल नाही.

भूत असेल तर भीती वाटायला हवी ना? मला राग आला. मेल्यावरही हा मला नंबर सांगतोय! मी रोज उडायला लागलो. रोज दुपारी तो न विचारता बोलायचा आणि रोज गिलास रिकामा व्हायचा. मी शिव्या द्यायचो, विमान पाडायचो. दुसऱ्या दिवशी नाव परत यादीत.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भागाबाई काकू आल्या. पाऊस नव्हता, ऊन तसंच. आईने त्यांना पाणी दिलं आणि माझ्या खोलीकडे पाठवलं. त्यांचं माहेर नरडाण्याकडचं, बोलणं सगळं अहिराणी.

"पितांबर, मना धनानं पत्तर तुनाजोडे शे का?"

पत्र त्या दिवसापासून टेबलाखाली पडलं होतं. मी वाकून काढायला गेलो. विमान हवेत तसंच.

"टू."

काकूंच्या हातातली पिशवी खाली पडली.

"हाऊ कोन बोलना?"

"गेम आहे, काकू."

"नही." त्या स्क्रीनजवळ आल्या. "हाऊ मना धना शे. मना पोऱ्याना आवाज माले समजत नही का?"

आईला आपल्या पोराचा आवाज कळतो, त्यात वाद नाही. मलाही तो त्याचाच वाटत होता.

काकूंनी पदर सावरला. स्पीकरवर हात ठेवला, जसा तापाच्या पोराच्या कपाळावर ठेवतात. आणि विचारलं,

"धना... त्या उनमा तुले कोनी धाडं रे, भाऊ?"

खोलीत कूलर चालू होता. तो एकदम बंद पडला.

"तू."

मला ते माझ्यासाठी ऐकू आलं. अगदी माझ्या कानात.

पण काकू मटकन खाली बसल्या. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"हाव रे बापा. मीच धाडं. तो म्हने, सांजले जासू. मीच म्हनं, आत्तेच जाय, दोस्तले पत्तर दखाड..."

बघा, त्या क्षणी माझ्याकडे दोन वाटा होत्या. "काकू, तो माझ्याबद्दल बोलतोय, दार मी लावलं होतं," ही एक. ती जमत नसेल तर नुसतं एवढं म्हणायचं, "काकू, ते इंग्रजी आहे. टू म्हणजे दोन. प्रत्येक वेळी तेच बोलतं." तेवढ्यानेसुद्धा त्या माउलीच्या जिवावरचं ओझं उतरलं असतं.

मी तेही बोललो नाही. कारण तिने स्वतःला सोडलं असतं, तर पुढचा प्रश्न मला विचारला असता.

मी पत्र त्यांच्या हातात दिलं आणि गप्प उभा राहिलो. लाज वाटते सांगायला, पण सुटल्यासारखं वाटलं.

काकू उठल्या. माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग पिशवीतून एक कांदा काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"खिसामा ठेव. ऊन शे."

एवढं बोलून गेल्या.

त्यानंतर काकूंनी दिवसा पाणी पिणं सोडलं. सूर्य बुडेपर्यंत घोट नाही. शेजारच्या झुंबरबाई आईला येऊन सांगायच्या, किती समजावलं, ऐकत नाही, म्हणते माझं पोर तहानेलं गेलं. मी आतल्या खोलीत ऐकायचो. गेम तेव्हापासून बंदच होता.

मे २००० मध्ये काकू गेल्या. दुपारी, घरातच. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणीच नव्हतं.

मी मातीला गेलो नाही. आई खूप बोलली, "लाज कशी वाटत नाही रे तुला? ज्या घरचं खाल्लंस त्या घरी जात नाहीस?" मी खोलीत जाऊन दार लोटलं आणि दोन वर्षांनी गेम लावला.

विमान वर नेलं. वाट बघितली. दोन नंबरचं विमान मागे होतं, पण "टू" नाही. यादीत बघितलं तर त्या जागी नावच नव्हतं. नुसती मोकळी ओळ.

मग मी बोललो. आयुष्यात पहिल्यांदा.

"धना, दार मी लावलं होतं. पाणी मी दिलं नाही. तुझ्या आईने नाही, मी."

इंजिनचा आवाज थांबला...

कूलर थांबला...

स्पीकरमधून आवाज आला. कोरड्या घशाचा. पण बाईचा.

"माले ठाऊक शे."

मी खुर्चीवरून उठलो तो सरळ दाराकडे. दार उघडेना. ओढलं, लाथ मारली, हलेना. खोली तापायला लागली, भट्टीजवळ उभं राहावं तशी. टेबलावरच्या गिलासाकडे धावलो. रिकामा.

मी दार वाजवलं.

"आई! दार उघड! पाणी दे!"

स्पीकरमधलं इंजिन पुन्हा सुरू झालं.

मी जोरात वाजवलं. इंजिनचा आवाज वाढला... मी अजून जोरात ओरडलो, आवाज अजून वाढला. मी स्पीकरचं बटण पिळलं, वायर उपटली. आवाज वाढतच होता. शेवटी माझं मलाच ओरडणं ऐकू येईना. घसा चिकटला. त्यापुढचं आठवत नाही.

पाच वाजता आईने मला उचललं. ती सगळा वेळ बाहेरच्या खोलीत गहू निवडत बसली होती. म्हणाली, "नुसतं विमान घरघरत होतं तुझं. मला वाटलं, खेळतोयस."

"आणि दार? कडी कोणी लावली होती?"

"कडी कुठली? नुसतं लोटलेलं होतं."

चार दिवस सलाईनवर होतो. कॉम्प्युटर वडिलांनी भंगारात दिला.

आज मी जळगावात राहतो, पन्नाशीला टेकलोय. दुपारी आमच्या घरात कोणतंही दार लागत नाही. बायको चिडते, मी ऐकत नाही. मे महिन्यात दारावर आलेल्या कुणालाही मी आधी पाणी देतो, मग नाव विचारतो.

पण एक गोष्ट मला अजून उलगडत नाही. त्या "ठाऊक शे" चं. काकूंना ते मेल्यावर कळलं असेल, तर ठीक आहे.

की त्या दिवशी माझ्या खोलीतच कळलं होतं? माझ्याकडे एवढा वेळ बघत होत्या तेव्हा? मग दोन वर्षं त्या स्वतः तहानेल्या का राहिल्या? आणि मला कांदा का दिला?

तो कांदा माझ्याकडे आहे. कपाटात, डबीत. पंचवीस वर्षं होऊन गेली. इतक्या वर्षांत वाळून फोलपट व्हायला हवा होता.

काल उघडून बघितला. अजून ओला आहे.