टोकाकडचं पाणी

पळसदेवच्या फाट्यावर तो एसटीतून उतरला, तेव्हा त्याच्या कडेवर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. मला वाटलं, आजारी लेकरू. निघाला कॉम्प्युटर.

"पाणीसंस्थेचं ऑफिस कुठं आहे?"

"चला. किल्ली माझ्याकडंच हाय."

पंचाण्णव साल असेल. मी तेहतिशीची, संस्थेत कारकून. घरी अंथरुणाला खिळलेले वडील, आबा. दिवसभरात बोलायला तिसरं माणूस नाही.

मानसिंग बारामतीचा. त्याच्या कंपनीची रीत अशी, की सगळं आधी अध्यक्षांना बारामतीला बोलावून विचारून घ्यायचं, तिथंच त्यांची सही घ्यायची, मग चार-सहा महिने आपल्या जागी बसून प्रोग्राम करायचा आणि एकदम आणून लावायचा. तसा त्यानं आणला. पाणीपाळीचा, म्हणजे कुणाच्या रानाला कधी पाणी त्याचा, कागद छापून निघाला... आणि मला हसू आवरेना.

"काय झालं, रतनबाई?"

"पाणी कालव्याच्या तोंडाकडनं सोडलंय तुमी. आमच्यात पाळी शेवटच्या टोकाकडनं सुरू हुती. न्हायतर टोकाच्या रानाला थेंब तरी मिळंल व्हय?"

"पण हे मला कुणी सांगितलंच नाही."

"समद्यांना म्हाईत असतंय, त्ये सांगतंय कोन?"

त्यानं तो कागद घडी करून खिशात घातला. मग म्हणाला, "आता सगळं एकदम नको. थोडं थोडं करतो, दर गुरुवारी आणून दाखवतो. तुम्ही हसा... मी बदलतो."

गुरुवारी मी केसांत अबोली माळू लागले. उजनीवरचा वारा खिडकीतून आत यायचा, मानसिंग कीबोर्डवरची धूळ फुंकायचा, मी उगाच फडकं शोधत राहायची.

"आज चूकच निघाली नाही. पुढच्या गुरुवारी कशाला येऊ?"

"चहाला चूक लागती व्हय?"

तो आला. पण काम एक दिवस संपलंच. त्या संध्याकाळी तो घरी आला, ओसरीवर टेकला आणि एका दमात बोलून गेला — बंगळूरला नोकरी लागलीय, खोली बघितलीय, लग्न करू, आबांना तुमच्या बहिणीकडं लासुर्ण्याला ठेवू.

"आबा तिच्या दारात पाय ठेवत न्हाईत. धा वर्सं बोलनं न्हाय त्यांचं."

त्याचा चेहरा उतरला. हळूच म्हणाला, "मग... मी इथंच थांबू का, रतन?"

पहिल्यांदाच नुसतं रतन. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. एवढी नोकरी टाकून हा माणूस या गावात काय करणार...

"नगं. जावा तुमी."

तो गेला. मी आत आले. आबा भिंतीकडं तोंड करून पडले होते.

"म्या समदं ऐकलं," ते म्हणाले. "थांब म्हनायचं हुतंस त्येला."

फाट्यावर त्याची एसटी अजून उभी होती. इंजिनाची घरघर घरापर्यंत येत होती... मी आबांच्या पाठीमागची उशी सरळ करत राहिले.