हुंकाराला बसलेली

शनिवारी ऑफिस लवकर सुटलं की जुईली पिरंगुटला उतरायची, भाजीबाजार करायची आणि मगच घरी जायची. त्या शनिवारी मात्र तिची पिशवी रिकामीच होती. ती आणि तिचा नवरा कैलास जयसिंगच्या मोबाइलच्या दुकानात उभी होती, आणि समोर काचेवर इअरबड्सच्या डब्या उघडून मांडल्या होत्या.

कासार आंबोलीहून रोज हिंजवडीला जायचं म्हणजे काय, ते जाणाऱ्यालाच ठाऊक. आधी पौड रस्त्यानं वडापच्या जीपमध्ये अंग चोरून बसायचं, मग फाट्यावरून घोटावड्यामार्गे कंपनीची बस. बसमध्ये ड्रायव्हरची गाणी, मागच्या सीटवर कुणाचं तरी फोनवरचं हिंदी भांडण, खिडकीला लागून डंपरचे हॉर्न. घरी पोचेपर्यंत डोक्याची गिरणी व्हायची. ऑफिसातली अनुष्का रोज सांगायची, "अगं, आवाज मारणारे घे. मी तर बसमध्ये झोपते."

जयसिंग हौसेनं एकेक डबी दाखवत होता. "ही घरघर मारती, पण माणसाचं बोलणं कानात येतंच. ही बरी हाय, पण तुमच्या बारीक कानात टिकायची न्हाई, पयल्या खड्ड्यालाच खाली. आन ही..." त्यानं शेवटची डबी तळहातावर घेतली. "हिच्यात बारकं माइक हायेत. भाईरचा आवाज आला की त्याच्यावर उलटा आवाज सोडतंय. आवाजानं आवाज मरतोय. आन हितं दोन टिचक्या मारल्या की त्याच्या उलट, भाईरचं सगळं आत घेतंय. रस्त्यानं चालताना तसंच ठेवा, ताई. डंपर कुणाचा पावणा न्हाई."

जुईलीनं ते कानात घातले. दुकान, रस्ता, समोरच्या वडापाववाल्याचा झारा, सगळं एकदम विझलं. "बोला काहीतरी," ती कैलासला म्हणाली. कैलासचे ओठ हलले आणि जयसिंग पोट धरून हसला.

"काय म्हणाले?" तिनं कानातून काढून विचारलं.

"म्हनले, लगीन झाल्यापास्नं हिला माझं ऐकू येत न्हाई, आता आनिक यंत्र कशाला?"

तीही हसली. मग डबी उगाच उघडत-मिटत, आवाज खाली आणून तिनं विचारलं, "आणि... म्हातारं माणूस समोर बसून सावकाश, एका सुरात बोलत असेल तर?"

"एका सुरातला आवाज तर पयला मरतोय. पण बसमधी म्हातारं कोण बोलतंय एवढं?"

कैलासनं तिच्याकडे एकदा पाहिलं. त्याला कळलं होतं. तो रस्त्याकडे बघत राहिला. जुईलीचे कान तापले. तरीही तिनं तीच डबी घेतली.

ते म्हातारं माणूस म्हणजे तिची सासू, गोजराबाई. गोजराबाईंचा वाटजाईचा वसा होता. वाटजाई म्हणजे शिवेवरचा शेंदराचा दगड. रस्ता रुंद झाला तेव्हा गावानं तो हातांनी उचलून बाजूला ठेवला होता. श्रावणातल्या रविवारी सकाळी न्हाऊन, उपाशीपोटी या वाटजाईची कहाणी सांगायची. सांगणारी एका पाटावर, ऐकणारी समोरच्या पाटावर, दोघी उपाशी, दोघींच्या मुठीत तांदळाचे दाणे. एकेक वाक्य झालं की ऐकणारीनं 'हं' म्हणून हुंकार द्यायचा. हुंकार मिळाला की सांगणारी एक दाणा तबकात सोडते. हुंकार नाही तर दाणा नाही, आणि दाणा नाही तर कहाणी पुढे जात नाही. पूर्वी आळीतली कुणी ना कुणी येऊन बसायची. सून आल्यापासून तो पाट सुनेचा झाला.

जुईली काही वाईट मुलगी नव्हती. देवाला हात जोडायची, सासूला उलटून बोलायची नाही. पण आठवड्याची एकच मोकळी सकाळ, पोटात कावळे, आणि तीच कहाणी त्याच चालीत. तिचं मन कधीच त्या पाटावर टिकलं नव्हतं. आधी निदान कान तरी तिथे असायचे.

पहिल्या रविवारी तिनं वशाची जांभळी साडी नेसली, केस कानांवर ओढले, वरून पदर घेतला. आत शांतता. समोर गोजराबाईंचे ओठ हलायचे, थांबायचे, चिमटीत दाणा धरलेला असायचा. ते पाहून जुईली म्हणायची, "हं." दाणा पडायचा. इतकं सोपं. मध्येच तिनं हळू आवाजात एक गाणंसुद्धा लावलं.

कहाणी झाल्यावर गोजराबाईंनी पहिलं पान तिच्यापुढे वाढलं. "हुंकार देनारीला उपाशी ठिवू न्हाई. तुजं पान आदी." जुईलीचा पहिला घास घशात अडला. दुसरा उतरला. शरमेचं असंच असतं. पहिल्यांदा टोचते, मग सरावाची होते.

पुढच्या रविवारी ती हुंकार द्यायला तोंड उघडणार, तोच तबकात दाणा पडलेला दिसला. आपल्याकडून नकळत 'हं' निघालं असेल, असं तिला वाटलं. पुन्हा तसंच झालं. ती तोंड उघडायच्या आधीच दाणा सुटायचा, आणि गोजराबाई समाधानानं मान डोलवायच्या.

जेवताना गोजराबाई म्हणाल्या, "आज लई जीव लावून ऐकलंस, पोरी. मधी मला पुढचं आठवंना, तर तूच सांगितलंस."

"मी?... काय सांगितलं?"

"आता गं बया! 'मग ती उपाशी वाटंवरच बसली,' आसं. तूच की."

जुईलीच्या हातातली पोळी तशीच राहिली. तिला कहाणीतलं एक वाक्यही पाठ नव्हतं. विचारायचं म्हटलं तर किती विचारता आलं असतं! पण विचारलं असतं तर पदराखालचं उघडं पडलं असतं. ती खाली मान घालून जेवत राहिली.

त्या आठवड्यात बस घोटावड्याच्या पुढे गेली, कारखान्यांच्या भिंती संपल्या आणि दोन्ही बाजूंना नुसती भातखाचरं लागली, तेव्हा तिच्या कानात कुणीतरी म्हणालं,

"हं..."

कानातलं गाणं बंद होतं. आवाज अगदी जवळचा, घोगरा. पुष्कळ दिवस न बोललेल्या बाईचा असावा तसा. थोडं थांबून पुन्हा, "हं..." जसं कुणी लांबवरचं काही मन लावून ऐकतंय. जुईलीनं कानातून ओढून काढले. बसमध्ये ड्रायव्हरचं गाणं होतं, भांडण होतं, हॉर्न होते. शेजारी अनुष्का तोंड उघडं टाकून झोपली होती.

त्या संध्याकाळी दुकानात जयसिंगनं ते स्वतःच्या कानात घालून बराच वेळ ऐकलं. "काय न्हाई, ताई. शांत हाय. सोताचाच श्वास ऐकू येतोय, त्याला भ्यायचं कशाला?"

श्रावणाचा शेवटचा रविवार उजाडला. खरं तर ती डबी कपाटात ठेवून मोकळ्या कानांनी बसली असती तर सगळं तिथेच निवलं असतं. तिनं ठरवलंही होतं. पण मग वाटलं, एकदा खात्री करू. आज आपण तोंडच उघडायचं नाही.

ती ओठ घट्ट मिटून बसली. कानांत ती विहिरीसारखी शांतता. गोजराबाईंचे ओठ हलले, थांबले. दाणा पडला. पुन्हा हलले, थांबले, दाणा पडला. गोजराबाई तिच्याच तोंडाकडे बघत होत्या, बोलणाऱ्या माणसाकडे बघावं तशा, मायेनं. जुईलीच्या पाठीवरून घामाचा ओघळ उतरला. तिनं केस सारखे केल्यासारखा हात कानाशी नेला आणि दोन टिचक्या मारल्या.

घर एकदम आत आलं. पत्र्यावरचा पाऊस, समईच्या वातीची चुरचुर, आणि गोजराबाईंचा आवाज, कानाला ओठ लावल्यासारखा.

"...तवा वाटजाई म्हनली, कुनाची वाट राखू गं? तशी म्हातारी म्हनली, माज्या सुनंची राख. ल्योक घरचाच हाय, शेत बी हितंच हाय. पन ती रोज परक्या रस्त्यानं जाती. तिची सांज माज्या उंबऱ्यावर येऊ दे."

"हं..."

तो हुंकार जुईलीच्या पदराच्या आतून आला. तिच्या गालाला त्याची ऊब लागली. उपाशी माणसाच्या तोंडाला येतो तसा आंबट वास दरवळला.

दाणा पडला.

"वाटजाई म्हनली, मी नाव वळखत न्हाई, रूप वळखत न्हाई. मी हुंकार वळखते. जिचा हुंकार, तिला घरी आनीन. आन जिनं हुंकार दिला न्हाई, ती..."

जुईलीनं पदरात हात घालून दोन्ही कान ओरबाडून मोकळे केले. तेवढ्या झटापटीत पुढचं वाक्य निघून गेलं. "हं!" ती ओरडलीच.

गोजराबाईंचा शेवटचा दाणा तबकात पडला होता. त्या हसल्या. "दोनदा कशाला गं? आत्ता दिलास की."

तिला वाटत आलं होतं की वसा कैलाससाठी असेल, शेतासाठी असेल, नातवासाठी तर असेलच. दरवर्षी ती म्हातारी उपाशीपोटी तिच्याच समोर बसून तिच्याचसाठी पदर पसरत होती. जुईलीपुढे पान वाढलं गेलं. तिच्या हातून घास उचलवेना. "डोकं दुखतंय, आई," एवढंच ती म्हणाली आणि आत जाऊन पडली. रात्रीही जेवली नाही. ज्या तोंडानं हुंकार दिला नाही, त्या तोंडानं कबुली कशी द्यायची? उद्या सांगू. उद्या संध्याकाळी आल्या आल्या पायांवर डोकं ठेवू. म्हातारी रागावेल, मग जवळ घेईल. या विचारानं तिला झोप लागली.

सोमवारी ती उपाशीच गेली आणि डबी घरीच ठेवून गेली. संध्याकाळी बसमध्ये तिनं कान मोकळे सोडले. ड्रायव्हरचं गाणं तिला गोड लागलं. मागच्या सीटवरचा माणूस भांडत नव्हताच. गावाकडच्या बहिऱ्या बापाशी मोठ्यानं बोलत होता, एवढंच. इतके दिवस हे कसं ऐकलं नाही आपण, असं तिला वाटलं, आणि मन जरा हलकं झालं.

वडाप म्हसूची होती. म्हसू तिला रोज न विचारता आंबोलीच्या फाट्यावर सोडायचा. आज जीप फाट्यावरून पुढे निघाली.

"अरे म्हसू, थांब! थांब!"

त्यानं करकचून ब्रेक मारला आणि मागे वळून पाहिलं. "आदी सांगायचं की, ताई. कुनाकडं आलायसा?"

दिवेलागणीची वेळ, अंधुक उजेड. त्याला दिसलं नसेल. तिनं स्वतःची तशी समजूत घातली आणि भराभर चालत घर गाठलं. पडवीत दिवा होता. कैलासची गाडी नव्हती, तो अजून आला नसावा. आतून गोजराबाईंचा आवाज येत होता. तीच चाल. सोमवारी?

जुईली दारात उभी राहिली. पाट मांडले होते. एकावर गोजराबाई. समोरच्या पाटावर, दाराकडे पाठ करून, जांभळ्या साडीतली एक बाई डोक्यावरून पदर घेऊन बसली होती.

गोजराबाईंनी वर पाहिलं. "कोन पायजे, बाई?"

"आई... मी."

"वाट चुकलीस व्हय?"

"आई, मी जुईली."

गोजराबाई हसल्या, दुसऱ्याच्या लेकीकडे बघून हसावं तशा. "आमच्या सुनंचं बी नाव जुईलीच. ही काय, बसलीया. आज येरवाळीच, दिवस मावळायच्या आदीच आली घरी, आन म्हनती कशी, आई, पुन्ना एकदा कहानी सांगा. असली सून मिळाया भाग्य लागतंय, बाई."

पाटावरची वळली नाही. तिच्याकडून कालचाच तो उपाशी तोंडाचा आंबट वास आला.

जुईलीच्या घशाशी किंकाळी आली. पण ओरडून सांगणार काय? हा पाट माझा आहे, असं? ज्या पाटावर ती खऱ्या अर्थानं एकदाही बसली नव्हती? तिची मान खाली गेली. पायांतल्या चपला काढायचीही तिला लाज वाटली.

"उपाशी हायेस का?" गोजराबाईंनी हळूच विचारलं.

"हो... कालपासून."

"मग बस हितं उंबऱ्यापाशी. दारात आलेल्या उपाश्याला कहानी ऐकवल्याबिगर लावून देत न्हाईत." त्यांनी वाकून तिच्या मुठीत दाणे ठेवले. हात तोच होता, तसाच उबदार, आणि त्यानं तिला ओळखलं नाही. "नीट ऐक हां. मन कुटं जाऊ देऊ नगं."

जुईली उंबऱ्यावर टेकली. गोजराबाईंनी डोळे मिटले आणि कहाणी मुळापासून लावली. ती कशी सुरू होते, हे जुईलीनं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"एका वाटंवर एक घर हुतं, आन त्या घरात एक दिवा कुनाची तरी वाट बगत हुता..."

"हं," जुईली म्हणाली. बेंबीच्या देठापासून म्हणाली.

खोलीत दुसरा हुंकार उमटला नाही. गोजराबाईंच्या चिमटीतला दाणा किती तरी वेळ तसाच राहिला. मग पाटावर बसलेलीनं, मागे न बघता, जराशी सरकून आपल्या शेजारी जागा केली.