सडेतोड लिहितो आहे

एक डिस्क आणायची होती, एवढंच काम. रविवार होता, ग्रंथालयाला सुट्टी. दुपारी जेवून निघालो तरी संध्याकाळच्या चहाला घरी परत, असा माझा अंदाज. बायकोला म्हटलं, "एक जण वारलाय, त्याच्या घरी जाऊन येतो." तिनं विचारलं, "जवळचा होता का?" मी चपला सरकवत म्हणालो, "छे गं, कधी भेटलोसुद्धा नाही."

भेटलो नव्हतो हे खरंच. पण गेली काही वर्षं बायकोशी बोललो नसेन इतकं मी त्या माणसाशी बोललो होतो. बोललो म्हणजे भांडलो.

मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. छोट्या ग्रंथालयांना पुस्तकांची देवघेव सांभाळता यावी म्हणून आम्ही काही हौशी लोकांनी एक प्रोग्रॅम लिहिला होता. फुकट आणि उघडा. कुणीही वापरावा, आतलं लिखाण कुणीही वाचावं, बदलावं. त्याच्या चर्चेसाठी इंटरनेटवर एक चावडी होती. तिथे खऱ्या नावानं कुणी वावरत नसे. मी 'सडेतोड'. तो 'तळटीप', कारण काहीही लिहिलं की खाली आधार देणार: अमुक ग्रंथ, तमुक निबंध. आमच्यात आणखी एक होता, 'गोगलगाय' नावाचा. फार सौम्य. भांडण पेटलं की हा मध्ये पडून दोघांना थंड करायचा. त्याच्या तोंडून कधी वाकडा शब्द आला नाही.

आमचं पहिलं वाजलं ते मोठ्या कंपन्यांना हा प्रोग्रॅम फुकट उचलू द्यावा की नाही यावरून. मग ते विज्ञानावर गेलं, तिथून देवावर, तिथून निवडणुकीवर. तो रोज प्रार्थना करतो असं त्यानं एकदा सहज लिहिलं, तेव्हापासून मला तर कोलीतच मिळालं. विषय कुठलाही निघो, बाकीचे हळूहळू गळून जायचे आणि शेवटी आम्ही दोघंच उरायचो.

त्याची एक मागणी मात्र जुनी होती. आमच्या प्रोग्रॅममधल्या बटणांवर नुसती चित्रं होती. त्याचं म्हणणं, प्रत्येक बटणाला आतून एक नाव द्या. मी म्हणायचो, हे लाड कशाला. एकदा चिडून मी लिहिलं, "चित्रं दिसत नाहीत? डोळे फुटलेत का तुझे?" त्यानं लिहिलं, "हो, कधीच." पुढे एक हसरा चेहरा. सगळे हसले. मीही हसलो.

मग एके दिवशी त्याच्याच खात्यावरून चार ओळी आल्या. "मी याची थोरली बहीण. माझा भाऊ गेला. त्याच्याकडे तुमचं काही असेल तर घेऊन जा." आमच्या सगळ्या जुन्या कामाची प्रत त्याच्या डिस्कवर होती. तिनं पत्ता दिला तेव्हा कळलं, हा माणूस आमच्याच शहरात राहत होता. साहजिकच सगळे म्हणाले, सडेतोड, तूच जा. मी जरा आढेवेढे घेतले. पण खरं सांगू? मला ते घर बघायचंच होतं. जो माणूस शेवटपर्यंत हरला नाही, तो कसा राहत होता ते बघायचं होतं.

जुनी इमारत होती. जिना चढून गेलं की लांब, अरुंद गॅलरी आणि अगदी टोकाचं दार. दाराबाहेरच शिलाई मशीनच्या तेलाचा आणि कोऱ्या कापडाचा वास येत होता. बहिणीनं दार उघडलं. पन्नाशीच्या पुढची, बारीक चणीची बाई. गळ्यात टेप, पदराला टोचलेल्या टाचण्या. मागे शाळेच्या गणवेशांची चळत लागलेली.

"त्या मंडळींतले ना तुम्ही? या. त्यातले कोण?"

हा प्रश्न येणार हे मला सुचायला हवं होतं. सुचलं नव्हतं. तिनं इतक्या आपुलकीनं विचारलं, की खरं नाव सांगायचा धीर झाला नाही.

"मी... गोगलगाय," मी म्हणालो.

तिचा चेहरा एकदम उजळला. "तुम्ही होय. बसा, बसा ना. फार आधार वाटायचा हो त्याला तुमचा. तुमचं काही आलं की म्हणायचा, ताई, आज जेवण गोड लागणार."

मी खुर्चीच्या कडेवर बसलो. दुसऱ्याच्या वाट्याची माया अंगावर घेत बसणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं. उठून खरं सांगावं असं एकदा नाही, दहादा मनात आलं. दर खेपेला वाटे, आता उशीर झाला.

"डिस्क त्याच्या खोलीत आहे," ती म्हणाली. "आत दिवा नाहीये हं. खिडकीही गच्च झालीय, उघडत नाही. त्याला कधी गरजच पडली नाही."

मला काही कळलं नाही. माझ्या तोंडाकडे बघून ती म्हणाली, "तुम्हाला ठाऊक नव्हतं? शाळेत असतानाच नजर गेली त्याची. पुढे हॉस्पिटलच्या टेलिफोनवर बसायचा. सांगितलं नाही होय कुणाला? त्याचा स्वभावच तसा."

माझे कान गरम झाले. डोळे फुटलेत का तुझे. हो, कधीच.

"मग तो... वाचायचा कसं?"

"कॉम्प्युटर वाचून दाखवायचा की. मोठ्यानं. कानाला ते यंत्र लावलं की त्याचं डोकं दुखे, म्हणून मग घरभर आवाज. मी शिवत असायची, तिकडे तुम्ही सगळे बोलत असायचा. मला सगळ्यांच्या बोलण्याच्या तऱ्हा पाठ झाल्या होत्या. तुमचा तो प्रोग्रॅम उघडला की मात्र नुसतं बटण, बटण, बटण, बटण करत सुटायचं. कितवं बटण कशाचं, ते त्यानं घोकून ठेवलं होतं बिचाऱ्यानं."

ती जरा थांबली. टेपचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "एक वाक्य मात्र मला नकोसं व्हायचं. कुणी लिहायला बसलं की ते आधीच सांगतं ना, अमका लिहितो आहे म्हणून. 'सडेतोड लिहितो आहे.' हे ऐकलं की तो जेवताजेवता हात थांबवायचा. मी पायडल थांबवायची. कधीकधी कितीतरी वेळ तेच. लिहितो आहे, लिहितो आहे... आणि मग काहीच यायचं नाही. ते तर जास्तच वाईट. काय लिहीत असेल तो माणूस, असं वाटत राहायचं."

मी मान खाली घातली. ती म्हणाली, "तुम्ही डिस्क घ्या, मी चहा टाकते."

खोलीचं दार अर्धवटच उघडलं. बाहेर लख्ख दुपार होती, पण तिचा उजेड उंबऱ्याशीच थबकला होता. आत कोंदट, कोमट वास. तापलेल्या प्लास्टिकचा, धुळीचा आणि अंगाला लावायच्या तेलाचा. मी चाचपडत टेबलापाशी गेलो. कॉम्प्युटर हाताला लागला, थंडगार. वायर चाचपली तर तिचा प्लग टेबलावरच पडलेला होता, भिंतीतून काढून नीट गुंडाळून ठेवलेला. डिस्क बाजूलाच होती. मी ती उचलली.

आणि कुणीतरी बोलायला लागलं.

बोलणं म्हणता येणार नाही. आधी वाटलं, पत्र्यावर वाळू ओततंय कुणी. बारीक, वेगानं, न थांबता. मग लक्षात आलं, शब्द आहेत, पण इतके भरभर की कान पकडूच शकत नव्हते. सरावलेले लोक आवाजाचा वेग असाच वाढवून ठेवतात, हे मी पुढे वाचलं. तेव्हा फक्त अंगावर काटा आला. मी वायर हातात घेतली, तिचा प्लग मुठीत धरला. आवाज चालूच.

मग तो हळूहळू मंदावला. नवख्या माणसासाठी आपण सावकाश बोलतो ना, अगदी तसा. ना बाईचा ना पुरुषाचा, कोरडा, सपाट आवाज.

"सडेतोड लिहितो आहे..."

मी जागचा हललो नाही.

"सडेतोड लिहितो आहे... तुझ्यासारख्यांना मत द्यायचा हक्कच का असावा..."

हे मी लिहिलं होतं. लिहून पुसलं होतं.

"सडेतोड लिहितो आहे... प्रार्थनेनं अक्कल येत असती तर एव्हाना तुला थोडी तरी आली असती..."

हेही पुसलेलं. एकामागून एक येत गेली. सगळी माझी, सगळी न पाठवलेली. कुठेच न उरलेली वाक्यं. चावडीचं यंत्र मीच सांभाळतो, तिथे पुसलेली अक्षरं साठत नाहीत. नंतर पुन्हा पुन्हा तपासलं, साठत नाहीत. आणि त्यातलं एक तर मी लिहिलंही नव्हतं. बसची वाट बघताना नुसतं मनात जुळवलं होतं, बस आली आणि विसरून गेलो होतो. तेही त्या आवाजानं स्वल्पविरामासकट म्हटलं.

"बस..." मी कुजबुजलो. "बस कर..."

"सडेतोड लिहितो आहे..." आवाज आणखी सावकाश झाला. "तू मेलास तरी कुणाला पत्ता लागणार नाही. तुझ्यामागे रडायला फक्त तुझ्या तळटिपा असतील."

त्यानंतर तो थांबला. इतकी शांतता झाली की माझ्या मागे कपबशीचा बारीक किणकिणाट मला ऐकू आला. बहीण दारात उभी होती. हातात चहाचा कप.



"म्हणजे सडेतोड तुम्ही," ती म्हणाली. रागानं नाही. माप द्यायला आलेला नवा माणूस बघावा तसं बघत म्हणाली.

"हो."

"हे कधी ऐकलं नव्हतं मी. त्याचं सगळं मी ऐकलंय, पण हे नाही."

"हे पाठवलं नव्हतं ताई. लिहून पुसून टाकलं होतं."

तिनं कप टेबलाच्या कडेवर ठेवला. पदरानं डोळे टिपले. मग म्हणाली, "बरं केलंत. मनात येतं माणसाच्या. पाठवलं नाहीत, हे फार बरं केलंत."

आणि इथे मी गप्प बसलो. ते वाक्य मी कसं पुसलं ते मला आठवत होतं. कामाच्या टेबलावर बसून लिहिलं होतं, स्वतःवर खूश होऊन दोनदा वाचलं होतं, पाठवायला बोट नेलं होतं. तेवढ्यात एक मुलगी पुस्तक परत करायला आली. तिला दिसू नये म्हणून घाईनं पुसलं. पुन्हा लिहायचं राहून गेलं, इतकंच. ती बाई मला माफ करत होती, आणि मी करू देत होतो. यंत्राला तेवढं माहीत नव्हतं, की माहीत असून ते बोललं नाही, कुणास ठाऊक.

"चहा घ्या," ती म्हणाली. "निवतोय."

मी तो उभ्यानंच प्यालो.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "मग आता?" मी त्याच आठवड्यात बटणांना नावं द्यायला बसलो. चित्र बघायचं आणि लिहायचं: पुस्तक परत. नवीन सभासद. शोध. काम अवघड नव्हतंच. नवी आवृत्ती बाहेर पडली तेव्हा खाली लिहिलं, ही नावं तळटीप यांच्या सांगण्यावरून. मग ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "चांगलं झालं. त्याला सांगेन." कसं सांगणार ते मी विचारलं नाही.

तेव्हापासून मी कुणाशी वाद घातलेला नाही. लोक विचारतात, सडेतोड गार का पडला. मी कामाचं तेवढं लिहितो. अजूनही एखाद्याचं काही वाचून डोक्यात तिडीक जाते, वाक्य आपोआप जुळायला लागतं. तेव्हा मी उठून चालायला लागतो. ते जुळण्याआधी उठलं पाहिजे. पण नेहमीच जमतं असं नाही.

राहिला गोगलगाय. त्याचं नाव मी चोरलं होतं. ते मनाला लागून राहिलं, म्हणून त्याला एकट्याला सगळं कळवलं. आवाजाचंसुद्धा. आणि लिहिलं, ताईंना एकदा खरोखर भेटून या, तुमच्यावर त्यांचा फार जीव आहे. त्यानं नेहमीसारखं मऊ उत्तर दिलं: नक्की जाईन, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

त्यानंतर तो चावडीवर दिसेनासा झाला. बऱ्याच दिवसांनी मला एकट्याला त्याचा निरोप आला.

"मी जाऊन आलो. तुमच्या वेळी ते किती वेळ बोललं होतं?"

मी लिहिलं, "ताईंचा चहा होईपर्यंत."

 मग एकच ओळ आली.

"मी भर दुपारी गेलो होतो. निघालो तेव्हा अंधार पडला होता, आणि ते अजून बोलतच होतं."