अर्धा गोल

बडा फुहारा चौकाजवळच्या आमच्या हॉटेलात दुसऱ्या लाटेत पाहुण्यांऐवजी क्वारंटाइनची माणसं आली. मी तिथली मॅनेजर. घरी जायची सोय नव्हती, म्हणून दुसऱ्या मजल्याच्या टोकाच्या खोलीत मीही मुक्काम टाकला होता. मालकांना काळजी एकच, कोणी पळून जाऊ नये. त्यांनी मागच्या जिन्याच्या खालच्या दाराला बाहेरून कुलूप ठोकलं. आग लागली तर काय, असं विचारलं की म्हणायचे, "शैलजाजी, पहले कोरोना से तो निपट लो." मग मी किल्ली कमरेलाच खोचून फिरायची.

ही खोड बाबांची. भाऊराव, रांझीच्या कारखान्यातले आग विझवणारे. खोलीत शिरताना ते दारावर खडूने अर्धा गोल काढायचे आणि आतली माणसं घेऊन बाहेर आले की तो पुरा करायचे. अर्धा गोल म्हणजे आपला माणूस अजून आत शोधतोय. घरी आमचा तोच खेळ असायचा. मी खाटेखाली लपायची, ते सगळं घर धुंडाळल्याचं नाटक करायचे आणि शेवटी खाट सरकवायचे. "पोरं घाबरली की खाटेखालीच जातात," म्हणायचे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या खाकी शर्टाचा धुराचा आणि लाल साबणाचा वास आठवला की अजून जीव कासावीस होतो.

त्या दुपारी पहिल्या मजल्यावरचा स्विचबोर्ड पेटला. भोंगा वाजला, सगळे पुढच्या जिन्याने भराभर उतरले. अंगणात पाहते तर भीमाबाई नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या, सत्तरीच्या, कानांनी पार अधू. त्यांना भोंगा ऐकू येणार कसा? पुढचा जिना तोवर धुराने भरून गेला होता. मी किल्ली काढत मागच्या बाजूला धावले.

भीमाबाई मागच्या दाराबाहेर पायरीवर शांत बसल्या होत्या. मी त्यांना मिठीच मारली. अंतर राखायचे नियम गेले खड्ड्यात.

"काहून रडून राहिली वं?" त्या म्हणाल्या. "तो खाकीवाला आला न् मले हात धरून खाली घेऊन आला. मोठा मायाळू मानूस. तोंडाले मास्कबी नोता त्याच्या."

मी दाराचं कुलूप ओढून पाहिलं. लागलेलं होतं. किल्ली माझ्या मुठीत होती.

आग विझली, धूर निवळला. चौकीदार जगदीशला घेऊन मी वर गेले. दुसऱ्या मजल्यावर प्रत्येक दारावर खडूचा गोल होता. भीमाबाईंच्या दारावरही, पुरा.

"ये आपने बनाए, दीदी?"

मी मानेनेच नाही म्हटलं. जगदीश दोन पावलं मागे सरला आणि खाली निघून गेला.

मी एकेक दार बघत पुढे गेले. पुरा गोल. पुरा गोल.

टोकाच्या दारावर अर्धा.

ती माझी खोली.

दारापाशी लाल साबणाचा वास येत होता. मला रडू फुटलं. इतक्या वर्षांनी पोरीला शोधायला आले, आणि पोर भलतीकडेच.

"बाबा," मी हळूच म्हटलं, "मी बाहेर आहे."

आत खाट सरकली.