काकांचे अटकलेले मेल

नील, त्या कठड्यावरून पहिले खाली उतर. निधी, लाइट राहू दे बंद, डोळ्यात येते. आता तुमच्या मोबाइलवर मेल वाजला ना, त्यावरून आठवलं. आमच्या समता कॉलनीतला नरेश. त्यानं माझ्यासमोर बसून सांगितलं हे, अन् तो काही बाता मारणारा माणूस नाही. उलट कोणी भुताचं नाव काढलं का खो-खो हसायचा.

नरेश कम्प्युटरवाला. उरल्याच्या कारखान्यांच्या भागात लोखंडाची एक रोलिंग मिल आहे, तिथला मेलचा सर्व्हर त्याच्याकडं. त्याचा धाकटा भाऊ वरद त्याच मिलमधी रात्रपाळीचा इंजिनिअर. आईबाप लवकर गेले, तं वरदले नरेशनं अन् त्याच्या बायकोनं, अर्चनानं, पोटच्या पोरासारखं वाढवलं. पोट्टा कामावर असला का नरेशले धड झोप लागत नसे. त्याची ड्युटी क्रेनखाली होती, अन् क्रेनवर लोखंडाचे गठ्ठे लटकलेले.

मागच्या वर्षीची सर्वपित्री अमावस्या. रविवार होता. पितरांचं जेवण आटोपलं, अन् दिवेलागणीनंतर मिलमधून फोन आला, दुपारपासून एकही मेल जाऊन नाही राहिला. नरेश निघाला तं अर्चनानं हातात डबा दिला. म्हणे, "खीर-वडे आहेत. वरदले देऊन द्या, पानावर न बसताच कामावर गेला, सकाळपासून पोटात काही नाही त्याच्या." नरेशनं गेटवर वरदले डबा दिला. "जेवून घे पहिले," म्हणून दटावलं, अन् वरती सर्व्हरच्या खोलीत जाऊन बसला.

आता एवढं समजून घ्या. आपण मेल पाठवला का तो पहिले सर्व्हरमधी रांगेत लागते. रस्ता मिळाला का पुढं जाते, नाही मिळाला का तिथंच अटकून राहते. अटकलेला मेल उघडून पाहता येते, नाही तं सरळ उडवता येते. नरेशनं ती रांग काढली. पाहते तं काय, स्क्रीनभर एकच नाव. पाठवणारे यज्ञेश्वर काका. अन् सगळेच्या सगळे मेल वरदच्या नावानं.

यज्ञेश्वर काका म्हणजे क्रेनचे जुने मिस्त्री. रोज संध्याकाळी क्रेनचे तारेचे दोर हातानं चाचपायचे, अन् पाळीच्या इंजिनिअरले मेल टाकायचे. मालकाचा हट्ट होता, तोंडी काही नाही, सगळं मेलवर. काकांचा मेल आल्याशिवाय वरद क्रेनले कोणाचा हात लागू देत नसे. पण काका होळीच्या आधीच वारले होते. त्यांच्या जागी कोणी आलं नाही, दोर पाहणं बंद पडलं, मेलवर कोणाची मनाई नसली का क्रेन चालायची. अन् त्यांचा मेलचा पत्ता नरेशनंच स्वतःच्या हातानं बंद केला होता.

तुम्ही असते तं तिथंच बसकण मारली असती. नरेश घाबरला नाही, वैतागला. त्याले वाटलं, कोण्या चोरट्यानं मेलेल्या माणसाच्या नावावर कचरा सोडला. असं होतेच म्हणे. अन् असा कचरा उघडायचा नाही, व्हायरस राहू शकते, हा कम्प्युटरवाल्यांचा पक्का नियम. त्यानं एकही न उघडता सगळे उडवले. रांग साफ झाली.

खुर्चीवर मागं रेलला. चष्मा पुसला. पाहिलं तं रांग पुन्हा भरलेली.

पुन्हा उडवले. पुन्हा भरली. मग त्यानं उठून बाहेरून येणारी वायरच उपसून काढली. म्हणे, आता येऊन दाखवा.

आले...

म्हणजे ते बाहेरून येतच नव्हते. तेवढ्यात फोन वाजला. वरद होता.

"दादा, मेल चालू झाले का? माझ्यासाठी काही अटकलं आहे का तिकडं?"

नरेशनं स्क्रीनकडं पाहिलं. वरद, वरद, वरद. वरून खालपर्यंत. पण मेलेल्या माणसाचे मेल आले, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

"काही नाही रे. कचरा आहे."

"नक्की ना? मग क्रेन चालू करून राहिलो मी. ट्रकवाले कधीचे उभे आहेत."

"हव. कर."

फोन ठेवला अन् त्यानं सगळे उडवले. रांग रिकामी. थोडा वेळ काहीच नाही... मग एक आला. एकटाच.

उघडायचा नाही, हे त्याले ठाऊक होतं. तरी त्यानं तो उघडला.

"वरद बेटा, दोन नंबरचा दोर आतून तुटला आहे. क्रेन चालवू नको. खाली उभा राहू नको."

त्यानं वरदले फोन लावला. घंटी वाजली... वाजतच राहिली. शेडमधी एवढा गोंगाट, कोणाले ऐकू येणार? तो धावला. जिना उतरला. वरद, वरद, ओरडत होता. शेडचं दार दिसलं...

आवाज झाला.

मग सगळ्या मशिनी बंद.

...

मारवाडी स्मशानघाटावर मी होतो. नरेश रडला नाही. भावाच्या हाताले धरून बसला होता, सोडवता सोडवेना. अर्चनाकडं तं पाहवत नव्हतं.

त्या रात्री पोलीस येऊन गेल्यावर नरेश स्कूटरची चाबी घ्यायले वर गेला होता. वायर तशीच उपसून पडली होती. अन् रांगेत एक नवा मेल होता. पाठवणारा वरद. पोट्ट्याचा मोबाइल त्याच्यासंगच गठ्ठ्याखाली चेंदला होता, अन् मेलवरची वेळ वरदवर चादर टाकल्यानंतरची होती. हा मेल नरेशच्या नावानं होता.

पुढं मिलनं नवा सर्व्हर घेतला. जुना सर्व्हर नरेश घरी घेऊन आला. तो मेल त्या रांगेतून पुढं जात नाही, अन् नरेश काही त्याले उडवत नाही. मले त्यानं दाखवला. मी माझ्या डोळ्यांनी वाचला. एकच ओळ आहे.

"दादा, काका सांगून राहिले होते."