माजिदाच्या जागी बसलेली

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावस्या लागते, मध्यरात्र लागते, आणि पिंपळ तर लागतोच. माझ्याकडे यातलं काहीच नाही. ही गोष्ट सुरू झाली भर दुपारी. सटाण्यात, बाजाराच्या दिवशी, लोक कांद्याचा भाव करत असताना.

आणि ती खरी आहे. पटत नसेल तर इथेच थांबा, माझा आग्रह नाही.

जिच्या बाबतीत घडली ती माजिदा म्हणजे माझ्या सासऱ्यांची आई. घरात सगळे तिला दादी म्हणायचे. मी सून म्हणून आल्यावर तिने हे मला तीन वेळा सांगितलं, तीन वेगवेगळ्या वर्षी. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. खोटं बोलणाऱ्याला एवढं जमत नाही.

साल १९३६. थंडीचे दिवस.

माजिदा तेव्हा अठरा वर्षांची. बाप इसाक, लुगडी विणणारा. आई ती लहान असतानाच गेलेली. घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत माग, बाहेरच्या खोलीत बाप, मध्ये गोणपाटाचा पडदा. इसाकचे गुडघे गेले होते. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसणं त्याला जमत नव्हतं. तो बाहेर बसून कांड्या भरायचा, म्हणजे धोट्यात घालायचं सूत गुंडाळून द्यायचा. आणि मागावर माजिदा. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत.

खट्… धप्… खट्… धप्…

धोटा पळाला की खट्. फणी ठोकली की धप्. हा आवाज ज्याचा त्याचा वेगळा असतो. माजिदाचा हात अधीर. चार-पाच ठोक्यांनंतर ती एक धप् जास्तीची घालायची. इसाक तेवढ्यावरून तिला ओळखायचा. पडदा सारून बघायची त्याला कधी गरजच पडली नाही. आवाज चालू आहे, म्हणजे पोरगी आत आहे.

तिला तीन स्थळं आली. इसाकने तिन्ही परत पाठवली.

चौथं खलीलचं. मालेगावहून सूत आणून गावोगावच्या विणकरांना पोचवणारा. दिसायला बरा, बोलायला त्याहून बरा. माजिदाचं त्याच्यावर मन बसलेलं. त्याची मावशी जैतुनबी वणीहून रीतसर मागणी घालायला आली. इसाकने तिला चहा पाजला आणि म्हणाला,

"पोरगी दिली, तर माग कोण चालवंल?"

बस्स. विषय संपला.

माजिदा पडद्याआड ऐकत होती. तिला आधी रडू आलं, मग संताप आला. बापाला आपले हात हवेत, आपण नाही, असं तिच्या मनाने घेतलं.

मग ठरलं. पळून जायचं.

रात्री शक्य नव्हतं. रात्री बाप मागच्या दाराला कुलूप घालायचा आणि पुढच्या दाराला आडवी खाट टाकून झोपायचा. म्हणून दिवसा. माजिदा मागावरून उठेल आणि तिची मैत्रीण शकीला मागच्या दाराने येऊन तिच्या जागी बसेल. माग चालू राहील, बाप निर्धास्त राहील. दिवस कलला की शकीला हळूच निघून जाईल. तोवर माजिदा आणि खलील मोटारीने कळवणला, पुढे बैलगाडीने वणीकडे. डोंगराच्या पायथ्याला जैतुनबीचं घर. तिथे निकाह.

शकीला विणकराचीच मुलगी. पंधरा दिवस तिने आपल्या घरच्या मागावर माजिदाचा ठोका गिरवला. ती जास्तीची धप्सुद्धा. बापाने हाक मारली तर नुसतं "हूं" म्हणायचं. ते "हूं" बसवताना दोघी हसून हसून बेजार झाल्या.

दादी हे सांगताना कधीच हसली नाही.

तो शनिवार. दुपारची नमाज पढून इसाक येऊन बसला. माजिदा मागावर. शकीला आतापर्यंत यायला हवी होती.

आली नाही.

माजिदा विणत राहिली. कान मागच्या दाराकडे. तिकडे खलील मोटारीपाशी उभा असणार, ड्रायव्हर भोंगा वाजवत असणार. आजची मोटार चुकली असती, तर पुन्हा एवढा धीर तिला झाला नसता. हे तिचं तिला ठाऊक होतं.

शेवटी ती उठली. नुसतं बोळात डोकावून यायला.

माग थांबला.

बोळात एक कोंबडी होती, बाकी कोणी नाही. आता अब्बा हाक मारणार… आता पडदा सारणार…

आणि तिच्या पाठीमागे माग सुरू झाला.

खट्… धप्… खट्… धप्… धप्.

आली बाई एकदाची! माजिदाने श्वास सोडला. पण शकीला आली कुठून? मागच्या दारात तर माजिदा स्वतः उभी. पुढच्या दारात अब्बा. हा विचार मनात आला आणि घाईत निघूनही गेला. तिने वळून पाहिलं. उन्हातून आत बघताना सगळं अंधारलेलं दिसलं. मागावर कोणीतरी बसलं होतं. पाठ दिसत होती. डोक्यावरून ओढणी.

"शकीला?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

पाठ वळली नाही.

बाहेरून इसाकची हाक आली. "माजिदा, पाणी पिली का गं?"

मागावरून उत्तर आलं…

"हूं."

हुबेहूब. इतकं हुबेहूब, की माजिदाने नकळत स्वतःच्या गळ्याला हात लावला. पोरीने काय मेहनत घेतली, असं म्हणत ती पळत सुटली.

कळवण मागे पडलं तसे डोंगर जवळ आले. संध्याकाळच्या उन्हात सप्तशृंगीच्या गडाचे कडे तांबूस झाले होते, खाली हरभऱ्याची हिरवी वावरं. माजिदाने इतके डोंगर एका जागी कधी पाहिले नव्हते. गाडीत तिला बापाची आठवण येऊन हुंदका फुटला, आणि पुढच्याच क्षणी इतका आनंद झाला की तिला स्वतःचीच लाज वाटली.

जैतुनबी खमकी बाई. "निकाह लागंतोवर खलील गोठ्यात झोपंल," म्हणाली. रविवारी रात्री तिने माजिदाच्या हातावर मेंदी काढली. सोमवारी निकाह झाला.

आणि मग सगळे वाट बघत बसले. इसाक येणार. चार माणसं घेऊन येणार, शिव्या देणार, कदाचित खलीलवर हात टाकणार. खलीलने काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं.

मंगळवार गेला. बुधवार गेला.

कोणी आलं नाही.

आठ दिवस झाले. सटाण्याहून माणूस नाही, निरोप नाही. माजिदा रोज सकाळी धुक्यातून वर येणाऱ्या वाटेकडे बघत उभी राहायची. बापाने शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. जवान पोरगी घरातून गेली आणि बापाने चौकशीसुद्धा करू नये?

दहाव्या दिवशी वणीचा बाजार होता. खलीलने तिला एक ओढणी घेऊन दिली. जांभळी, पिवळ्या ठिपक्यांची. तिथेच ती डोक्यावर घेऊन माजिदा वळली, तर समोर लंकाबाई. सटाण्यातली भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. गडावर नवस फेडायला आलेली.

लंकाबाईच्या हातातली नारळाची पिशवी खाली पडली.

"माय वं! तू आठे? परवा सांजले ते तू मागवर व्हती! मन्हा डोयाघाई दखं मी तुले!"

"परवा मागावर? शकीला असेल, काकू," माजिदा कशीबशी म्हणाली.

"शकीला? ती ते बाजारना दिनपासून तापमा पडेल शे. हातरुनवरतीन उठेल नही."

बाजाराचा दिवस. म्हणजे तो शनिवार. शकीला त्या दिवशी घराबाहेर पडलीच नव्हती.

मग मागावर कोण बसलं होतं?

आणि दहा दिवस कोण बसलंय…?

दुसऱ्या दिवशी माजिदा आणि खलील सटाण्याला पोचले तेव्हा दुपार होती. खलील बोळाच्या तोंडाशी थांबला. "मी येतो," तो म्हणाला. ती नको म्हणाली. बाप खलीलला बघून भडकेल, हीच भीती तिला अजून मोठी वाटत होती.

घर यायच्या आधी आवाज आला.

खट्… धप्… खट्… धप्… धप्.

तो तिचाच हात होता.

दार उघडं होतं. इसाक त्याच्या जागेवर बसून कांड्या भरत होता. दहा दिवसांत तो निम्मा झाला होता. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, चिंध्यांवर रक्त वाळलेलं. भोवती भरलेल्या कांड्यांचा ढीग.

"अब्बा…"

त्याने वर पाहिलं. ना राग, ना आश्चर्य. त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. ती ऐकंल."

प्रत्येक ठोक्याला पडदा थरथरत होता.

"अब्बा, आत कोण हाय?"

"पहिल्या सांजेला दिवा घेऊन गेलो. म्हटलं, पोरगी अजून उठली कशी नाय. तिने मान वर केली…" इसाकने पुढची कांडी उचलली. "पुन्हा नाय बघणार मी."

"लोकांना सांगा ना!"

"लोकांना पाठ दिसती. म्हणत्यात, इसाकची पोरगी लय कामाची."

"मग सूत संपू द्या. माग थांबंल."

"एकदा संपू दिलं. ती उठून बाहेर आली, सूत मागायला." हे बोलतानाही त्याचे हात थांबले नव्हते. "म्हणून भरतोय."

माजिदाने त्याचा दंड धरला. "उठा. आत्ताच्या आत्ता चला माझ्यासोबत. डोंगरात जैतुनखालाचं घर हाय…"

"आणि ती माझ्यामागं आली तर?"

माजिदाचा हात त्याच्या दंडावरून सुटला.

"रविवारी रात्री हिच्या हातावर मेंदी उगवली," इसाक हळूच म्हणाला. "सूत द्यायला हात आत घातला, तवा दिसली. तवाच कळलं मला. निकाह झाला ना तुझा?"

माजिदाने होकाराची मान हलवली.

"नीट वागतो का खलील?"

"हो, अब्बा."

"मग झालं."

ती रडायला लागली. आवाज होऊ नये म्हणून तिने तोंडावर हात दाबला. तेवढ्यात वाऱ्याने पडदा जरासा सरला, आणि तिला मागावरची पाठ दिसली.

डोक्यावर ओढणी होती. जांभळी. पिवळ्या ठिपक्यांची.

काल वणीच्या बाजारात घेतलेली. आत्ता माजिदाच्या डोक्यावर असलेली.

खट्… धप्… खट्…

आणि माग थांबला.

घरात इतकी शांतता झाली की बोळातल्या माशा ऐकू यायला लागल्या. इसाकचे हात पहिल्यांदा थांबले.

पडद्याआडून माजिदाच्याच आवाजात कोणीतरी विचारलं,

"अब्बा… कोण आलंय?"

इसाकने माजिदाकडे पाहिलं. डोळे भरून पाहिलं, लहान लेकराला निजवताना बघतात तसं. मग तोंड पडद्याकडे वळवून मोठ्याने म्हणाला,

"कोणी नाय, बेटा. रस्ता चुकलेली बाई हाय एक."

आणि माजिदाकडे न बघता,

"जा बाई. हे घर तुझं नव्हं."

ती निघाली. उंबऱ्यात तिचा पाय अडखळला, पण तिने मागे पाहिलं नाही. बोळाच्या मध्यापर्यंत मागे काहीच आवाज नव्हता… मग ठोका पुन्हा सुरू झाला. खलीलजवळ पोचल्यावर ती तिथेच खाली बसली. त्याने तिला उचलूनच मोटारीत बसवलं.

इसाक त्यानंतर दोन महिने जगला. निरोप लंकाबाईनेच धाडला. एका सकाळी मागाचा आवाज आला नाही म्हणून लोक आत गेले. इसाक रिकाम्या कांड्यांमध्ये पडलेला होता. घरात सुताचा एक धागा शिल्लक नव्हता. आतल्या खोलीत माग होता, मागावर कोणी नव्हतं. इतक्या दिवसांचं विणलेलं कापडही नव्हतं.

मागचं दार आतून उघडलेलं होतं.

लोकांनी समजूत करून घेतली, की बाप मेला तसं पोरगी दुसऱ्या कोणाचा हात धरून गेली. कोणी म्हणालं, इसाकला वेड लागलं होतं. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. एकदा मी दादीला म्हणाले, "ते जे काही होतं, ते तुमच्या अब्बांबरोबरच गेलं असेल." ती म्हणाली, "मी म्हातारी झाले. ती झाली असंल का गं?"

मी शिवणकाम करते. माझ्या घरात रिळंच रिळं आहेत. दुपारी एकटी असले आणि दाराशी बाईमाणसाचा आवाज आला, तर मी आधी खिडकीतून बघते. तोंड दिसेपर्यंत कडी काढत नाही.

दादीच्या खोलीत मात्र सुईदोरासुद्धा नसायचा. पदर फाटला तर ती दोन घरं ओलांडून माझ्याकडून टाका घालून न्यायची. मी एकदा कंटाळून म्हणाले, "दादी, एक रीळ ठेवा की जवळ, काय बिघडतंय?"

तिने आधी दाराकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली,

"मागायला आली, तर 'नाय' म्हणताना खोटं बोलायला नको."