सरकलेली खुंटी

बाळापूर तालुक्यात एवढी वावरं, पण चिठ्ठी निघाली ती आमच्याच वावराची! त्या वर्षी, म्हणजे एकसष्ट साली, सरकारी पीक-अंदाजाला दोरी-तराजू घेऊन सूर्यभानसाहेब आमच्या धुऱ्यावर, बांधावर, उभे राहिले. उंच, सावळे, आणि भलतेच गंभीर.

"साहेब, इथं कापूस मरतुकडा हाय. खुंटी जरा तिकडं ठोका ना," बाबा म्हणाले.

"चिठ्ठीत आकडा इथला निघाला, देवरावजी. मोजायचा तुकडा हातभरही सरकणार नाई."

मला हसू फुटलं. साहेबांनी वळून पाहिलं... आणि पाहतच राहिले!

"हासून काहून राहिल्या?"

"तुमचं बरोबर हाय म्हणून. मीही संख्याशास्त्रच शिकली, नागपूरले. एम. एस्सी."

साहेबांच्या हातातली दोरी सुटली.

कापूस काही एकदम निघत नाही. दर वेचणीला साहेबांना वजन करायला यावंच लागे. दव वाळल्याशिवाय वेचणी सुरू होत नसे, आणि साहेब मात्र दवातच हजर! ते कलकत्त्याच्या संख्याशास्त्राच्या संस्थेत शिकून आलेले. मला तिथंच डॉक्टरेटसाठी अर्ज करायचा होता. बाबा म्हणत, साहेब हो म्हणाले तर धाडतो.

दुसऱ्या वेचणीला मी विचारलंच. "माझी निवड होईन, याची शक्यता किती?"

"दहात... दोन."

मी हिरमुसले. तिसऱ्या वेचणीला पुन्हा विचारलं, तर म्हणाले, "दहात एक."

"अगं माय! मधल्या मधे एक कुठं गेला? अर्ज किती येतात?"

"लय येतात."

"माझ्यासारखे, पहिल्या वर्गाचे?"

"थोडेच."

"त्यातले घेतात किती?"

साहेब तराजूकडे बघत पुटपुटले, "निम्म्याहून जास्त..."

असा संताप आला मला! "माझ्या बापाले हातभर खुंटी सरकवू देली नाई, अन् माझी—?"

"सरकवली." त्यांनी मान वर केली. डोळे भरलेले. "तुमी गेल्या तर मले करमणार नाई, भागीरथा. आवडता तुमी मले."

राग कुठल्या कुठे पळाला. पण मी बरी दाखवते! "आता खरं सांगा. बाबाले सांगा, मले नाई."

साहेब खरंच गेले. कापसाच्या पऱ्हाटीतून वाट काढत बाबांपाशी उभे राहिले. "देवरावजी, माझा अंदाज चुकला होता. पोरीले धाडा. तिची निवड होईन."

निवड झाली. अकोल्याला कलकत्त्याची मेल आली तेव्हा बाबा सामान चढवत होते आणि साहेब माझ्या खिडकीशी.

"परत येईपर्यंत थांबसान? शक्यता किती?" मी विचारलं.

"दहात दहा."

"खुंटी?"

"जिथली तिथंच हाय."

गाडी हलली. साहेब खिडकीचा गज धरून चालत राहिले, मग पळत.

"सोडा आता, फलाट संपला!" मी ओरडले, आणि त्यांच्या बोटांवर माझाच हात घट्ट होता.